आनंद कोणाच्या घरचा?

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीतील एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आमच्यावर आला. स्पर्धा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची होती आणि विषय होता 'आनंदी जीवनाचे रहस्य'. बहुतेक वक्त्यांनी हे रहस्य सात मिनिटांच्या आत उलगडून दाखवले. पहाटे पाचला उठावे, आरशात पाहून स्वतःशी हसावे, नकारात्मक माणसांपासून दूर राहावे, रात्री वहीत दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात. अर्ध्या भरलेल्या पेल्याकडे कसे पाहावे हे तर सर्वांनाच ठाऊक होते. मधूनमधून केशवसुतांची 'तुतारी' वाजत होती. तिचा उपयोग गजराच्या घड्याळासारखा होत होता. साने गुरुजीही येऊन जात होते, आणि तेही हसतमुख. मालगुंड आणि पालगड ही दोन्ही गावे ज्या जिल्ह्यात आहेत त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी हे चालले होते. त्या वेळी आम्हांला त्याचे काही वाटले नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

शेवटून दुसरी एक मुलगी बोलायला उभी राहिली. तिची आई मिरकरवाडा बंदरावर मासळी घेऊन गावोगाव विकते. पहाटेचा लिलाव, बर्फ, डोक्यावरची टोपली, एसटीच्या कंडक्टरशी रोजची हुज्जत आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की सुक्या मासळीवर काढायचे दिवस, हे सारे तिने एखादी यादी वाचावी तसे सांगितले. मग म्हणाली, "आई सुखी आहे का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. विचारलं तर म्हणेल, आज हे काय नवीनच?" पुढे तिने एवढेच सांगितले की बाजारात एखादीची मासळी खपली नाही तर उरलेल्या बायका तिच्यातली थोडी थोडी आपल्या टोपलीत घेतात आणि आपली म्हणून विकतात, संध्याकाळी पैसे तिचे तिला देतात. ते पाहिले की आपल्याला बरे वाटते. त्याला आनंद म्हणायचे की नाही हे आपल्याला माहीत नाही. एवढे बोलून ती खाली बसली. वेळ दोन मिनिटे शिल्लक होता.

गुणपत्रिकेत 'समारोप आणि संदेश' असा एक रकाना होता. त्या रकान्यात आम्ही तिला शून्याच्या जवळपास गुण दिले. बक्षीस अर्थातच दुसऱ्यांना मिळाले. त्या दिवशी आनंदाविषयी स्वतः पाहिलेले असे काही बोलणारी ती एकटीच होती, हे आम्हांला घरी परतल्यावर उमगले. ज्याला आयुष्यभर कविता शिकवून पोट भरता आले, त्याला एवढे ऐकू येऊ नये?

या ऐकू न येण्याचेच कारण आम्हांला शोधायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: आनंद, श्रद्धा आणि आत्मविकास या एकट्याने, स्वतःसाठी, प्रयत्नपूर्वक कमवायच्या मिळकती आहेत ही समजूत खोटी आहे. आपल्या वाङ्मयाच्या साक्षीने ती खोटी ठरते. आणि तरीही ती मराठीच्या वर्गात सुखाने नांदते, याला आपण साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षकच जबाबदार आहोत.

ही समजूत आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही. सॅम्युएल स्माइल्सचे 'सेल्फ-हेल्प' १८५९ साली निघाले. ते मुळात लीड्समधल्या गरीब तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून वाढले, आणि ते तरुण एकत्र जमले होते ते परस्परांना शिकवण्यासाठी. 'परस्पर' हा शब्द मागे राहिला आणि 'स्व' तेवढा पुढे गेला, हा या साहित्यप्रकाराच्या जन्मातलाच विनोद आहे. तरी स्माइल्सच्या पुस्तकात निदान कारागीर होते, यंत्रे होती, वर्षानुवर्षांचे कष्ट होते. डेल कार्नेगीच्या १९३६ च्या पुस्तकात माणसे जिंकण्याची युक्ती आली. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ च्या पुस्तकात श्रद्धा हीच एक शक्तिवर्धक मात्रा झाली. २००६ मध्ये आलेल्या 'द सीक्रेट'मध्ये तर विश्व हे मागणी नोंदवून घेणारे दुकानच होऊन बसले. कारागीर गेले, कष्ट गेले, शेजारी गेले. इच्छा करणारा एकटा उरला. यांतली बरीच पुस्तके मराठीत आली आणि आपल्या ग्रंथप्रदर्शनांत पहिले टेबल त्यांनीच अडवले आहे. विल्यम जेम्सने १९०२ सालीच या मनोवृत्तीची मीमांसा केली होती, आणि तीही पुष्कळ सहानुभूतीने. पण जगातल्या दुःखाकडे पाठ फिरवून मिळवलेली प्रसन्नता तत्त्वज्ञान म्हणून अपुरी पडते, हेही त्याने तिथेच बजावले होते. आमच्या पदव्युत्तर वर्गात जेम्सचे नाव निघते ते संज्ञाप्रवाहापुरते.

आता घरचे पाहू. ज्या केशवसुतांना आपण जागे होण्याची सूचना देणारा घंटावाला करून टाकले, ते १८६६ साली मालगुंडला जन्मले. आयुष्यभर तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या, गावोगावच्या बदल्या, प्लेगच्या पाठलागाची भीती, आणि शेवटी १९०५ साली हुबळीला त्याच प्लेगने आलेला मृत्यू. चाळिशीही त्यांनी पाहिली नाही. अशा माणसाची आनंदाविषयीची साक्ष काय आहे? 'सतारीचे बोल' ही कविता उघडून पाहावी. रात्रीची वेळ, मनात काळोख, जगण्याचा वीट आलेला एक माणूस रस्त्याने भटकतो आहे. कोणाच्या तरी घराच्या खिडकीतून सतारीचे सूर येतात. आधी त्याला त्या सुरांचा रागच येतो. पण तो थांबतो, ऐकत राहतो, हळूहळू विरघळतो, रडतो आणि शांत होऊन घरी परततो.

या कवितेवर आम्ही वर्गात अनेकदा बोललो. कलेचे सामर्थ्य, नादानुकारी शब्द, कडव्यांची रचना. एक साधी गोष्ट मात्र कधी विचारली नाही. ती सतार कोणाची? वाजवणाऱ्याला बाहेरच्या माणसाची खबरही नाही. तो त्याच्या घरात, त्याच्या रियाजात आहे. इकडे रस्त्यावरच्या माणसाने आपल्या मनाला कसलीही सूचना दिलेली नाही, कसलाही संकल्प केलेला नाही. उलट त्याने प्रथम विरोधच केला आहे. त्याला जे मिळाले ते परक्या घरातून, न मागता, न कमावता मिळाले. त्याचे स्वतःचे कर्तृत्व एवढेच की तो थांबला आणि त्याने ऐकले. कवितेतला आनंद हा असा दुसऱ्याच्या घरचा आहे.

'झपूर्झा'ची गोष्ट याहून अवघड आहे. १८९३ साली लिहिलेल्या या कवितेला नाव मिळाले ते मुलींच्या एका खेळात भरभर उच्चारलेल्या शब्दांच्या ध्वनीवरून. निर्मितीच्या परमोच्च अवस्थेसाठी त्या कवीला शास्त्रातली संज्ञा सुचली नाही, अंगणात गरगर फिरणाऱ्या पोरी आठवल्या. आणि त्या अवस्थेचे त्याने केलेले वर्णन असे की तिथे हर्ष आणि खेद दोन्ही मावळलेले असतात. आनंद हेच अंतिम साध्य मानणाऱ्यांनी या कवितेपाशी खरे म्हणजे अडखळायला हवे. खेळणारी मुलगी 'मी आता आनंदी आहे' असे म्हणाली की तिचे पाऊल चुकलेच. आनंदावर नजर ठेवून आनंद होत नाही, हे मालगुंडच्या अंगणात कळलेले शहाणपण आपण अभ्यासक्रमात लावले आणि विसरलो.

साने गुरुजींच्या बाबतीत आपला अपराध अधिक गंभीर आहे. 'श्यामची आई' हे आपण संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांच्या हातात देतो, आणि संस्कार म्हणजे गोड वागण्याची सवय असे समजतो. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाचेक दिवसांत ते लिहिले गेले. त्यात कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आहे, भावंडांची आजारपणे आहेत. आणि शेवटी आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ पोचूही शकत नाही. याला प्रेरणादायी म्हणायचे तर त्यातली निम्मी पाने फाडावी लागतात. आपण ती मनातल्या मनात फाडलेलीच आहेत.

त्यातला अळणी भाजीचा प्रसंग सर्वांना आठवत असेल. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही त्यांच्याकडे पाहून जेवतात, आणि मागाहून स्वतः जेवायला बसल्यावर आईच्या ते ध्यानात येते. तिला वाईट वाटते. या प्रसंगावर आपण 'दुसऱ्याचे मन दुखवू नये' असा शेरा मारून पुढे जातो. पण त्या घरात त्या दिवशी नेमके काय घडले? भाजी बिघडलेलीच राहिली. तिला चविष्ट मानण्याचा आत्मसंमोहनाचा प्रयोग कोणी केला नाही. फक्त प्रत्येकाने दुसऱ्याच्या श्रमाची आठवण स्वतःच्या जिभेच्या वर ठेवली, आणि ज्या बाईने रांधले होते तिला ते कळल्यावर तिनेही आपली चूक हसून सोडून दिली नाही. आनंद या शब्दाला त्या घरात काही अर्थ असेल तर तो इथे आहे. त्यात दुःख मिसळलेले आहे आणि तो वेगळा काढता येत नाही.

आणि श्यामचा 'व्यक्तिमत्त्व विकास'? तो पाहायचा असेल तर पुस्तक मिटवून १९४७ साली यावे लागेल. त्या वर्षी १ मे रोजी साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून. १० मे रोजी ते सुटले. पालगडच्या स्वयंपाकघरात जे वर्तुळ पाच-सहा माणसांचे होते ते चौदा वर्षांच्या अंतराने लिहून, जगून, एवढे रुंदावले. वाढ म्हणतात ती ही. हीच श्रद्धाही आहे. ती मनःशांतीचे औषध म्हणून घेतलेली नाही, ती दाराशी जाऊन बसली आणि आत कोणाला येऊ देत नाहीत असे विचारू लागली. आणखी तीन वर्षांनी, १९५० साली, याच माणसाने स्वतःचे जीवन संपवले. हा तपशील आपण मुलांपासून लपवतो ते समजू शकते. पण पदवीच्या वर्गापासूनही लपवतो. कारण त्याने आपली सोपी गोष्ट बिघडते. इतके प्रेम देणाऱ्या माणसाला स्वतःचा आनंद टिकवता आला नाही, तर त्याची शिकवण फुकट गेली असे म्हणणार का? जी जीवनदृष्टी साने गुरुजींना 'अयशस्वी' ठरवते तिच्यात काही तरी मुळातच चुकले आहे, असे आम्हांला वाटते.

तिसरी साक्ष पावसची. रत्नागिरीच्या दक्षिणेला असलेल्या या गावी स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिराकडे रोज माणसे जातात. रामचंद्र विष्णु गोडबोले हे त्यांचे मूळ नाव; जन्म १९०३. ते १९३२ च्या चळवळीत येरवड्याच्या तुरुंगात होते. १९३४ मध्ये जिवावरचे दुखणे झाले. आणि मग १९७४ साली देह ठेवेपर्यंत चाळीस वर्षे ते पावसलाच देसाई कुटुंबाच्या 'अनंत निवास' या घरातल्या एका खोलीत राहिले. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या त्यांनी सोप्या मराठीत, अभंगवृत्तात उतरवल्या.

स्वामींच्या अनुभूतीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही साहित्याच्या बाजूने दोन गोष्टी तेवढ्या नोंदवतो. एक, ज्याला आत्मानंद लाभला असे भाविक मानतात त्या माणसाने नंतर काय केले, तर जुनी भाषा ज्यांना अडते त्यांच्यासाठी ओळीमागून ओळ सोपी करीत तो बसला. ज्या ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेवांनी पसायदान मागितले आणि त्या मागण्यात स्वतःसाठी काही ठेवले नाही, त्या ग्रंथाचे हे काम होते. दोन, चाळीस वर्षे एका घराने एक पाहुणा सांभाळला. चाळीस वर्षांत त्या घरातली चूल किती वेळा पेटली असेल, दर्शनाला येणाऱ्यांसाठी किती वेळा पाणी भरले गेले असेल! अध्यात्मावरच्या पुस्तकांत खोलीतल्या शांतीचे वर्णन येते. माजघराचे येत नाही. आमच्या मते श्रद्धेचा अभ्यास करणाऱ्याने आधी माजघरात जावे. खोलीतली शांती माजघराच्या आधारावर उभी होती.

परक्याची खिडकी, आईचे स्वयंपाकघर, देसायांचे माजघर. तिन्ही ठिकाणी आनंद दुसऱ्याच्या घरून आलेला आहे. तो ऋण म्हणून आला आहे आणि पुढे कोणाला तरी देऊन फेडावा लागला आहे. मिरकरवाड्याच्या बायका एकमेकींची मासळी आपल्या टोपलीत घेतात तेव्हा हेच करतात. त्या मुलीने आम्हांला हे सात मिनिटांच्या आत सांगितले होते, संदेशाशिवाय.

मग आपल्या वर्गात हे का ऐकू येत नाही? बाजाराला शिव्या देणे सोपे आहे. पण बाजाराने जी जागा घेतली ती आपणच रिकामी करून दिली होती. १९४७ साली मर्ढेकरांची 'काही कविता' आली आणि मराठी कवितेचा सांधा बदलला. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार त्यानंतरच्या समीक्षेविषयी आहे. परात्मता, असंगतता, विफलता हे शब्द तिने इतके घोटवले की ज्या कृतीत ते लागू पडत नाहीत ती कृतीच तिला उथळ वाटू लागली. आनंद हा भाबडेपणा ठरला. त्या काळच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याने वेंगुर्ले-कुडाळच्या परिसरात लागोपाठच्या दोन वर्षांत दोन कवी दिले: १९२९ मध्ये मंगेश पाडगावकर आणि १९३० मध्ये आरती प्रभू. (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली.) आपण काय केले? एकाला शुभेच्छापत्रांच्या स्वाधीन केले, दुसऱ्याला प्रबंधांच्या. एकाचा आनंद दुःखावाचून वाचला, दुसऱ्याचे दुःख आनंदावाचून. दोघांचेही नुकसान केले आणि वाचकाला सांगितले की आनंद हवा असेल तर पलीकडच्या टेबलावर जा. तो गेला. आता तो तिथली पुस्तके वाचतो म्हणून आपण नाके मुरडतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, ही उच्चभ्रू तक्रार आहे. एसटी स्टँडवर एखादे पुस्तक घेऊन कोणाला चार दिवस उभारी वाटली तर तुमचे काय गेले? त्या वाचकाविषयी आम्हांला आदरच आहे. त्याला जे हवे होते ते आम्ही देऊ शकलो नाही. आमचे भांडण आहे ते 'आनंद ही तुमची निवड आहे' या वाक्याशी. हे वाक्य ऐन मोहरात अवकाळी पाऊस झोडपून गेल्यावर आंबा बागायतदाराला ऐकवून पाहावे. मुंबईला गेलेल्या मुलांची वाट पाहत गणपती-शिमग्यापुरते उघडणाऱ्या घरात राहणाऱ्या म्हातारीला ऐकवून पाहावे. आनंद ही निवड असेल तर दुःख हा तुमचाच गुन्हा होतो, आणि दलाल, सरकार, मुलगा, शेजारी सारे मोकळे सुटतात. उभारीच्या वेष्टनात हा आरोप विकला जातो, म्हणून आम्ही विरोध करतो.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आणि अधिक वजनाचा आहे: तुम्ही गरिबीला सोज्वळ करीत आहात, कष्टकरी बाई हसते एवढे दाखवून तिचे कष्ट झाकत आहात. हा धोका खरा आहे, आणि त्यावर आमच्याकडे एकच उत्तर आहे. अळणी भाजी गोड मानून घेणाऱ्या घरातला मुलगा पुढे पंढरपूरच्या दाराशी उपाशी बसला. दुसऱ्याच्या घरून आनंद आला हे ज्याला कळले त्याला दुसऱ्याच्या घरी काय कमी आहे हेही कळते. जो आनंद ही दुसरी गोष्ट कळू देत नाही तो आमच्याही दृष्टीने संशयास्पद आहे. बायका एकमेकींची मासळी विकतात हे सुंदर आहे. त्यांना बसायला ओटा आणि डोक्यावर छप्पर असावे ही मागणी त्या सौंदर्याने रद्द होत नाही, उलट तिला जोर येतो.

तेव्हा करायचे काय? आम्ही कोणाला दिनचर्या सांगणार नाही. शिक्षकांपुरते बोलतो. 'या कवितेतून मिळणारा संदेश लिहा' हा प्रश्न आम्ही आमच्या प्रश्नपत्रिकेतून काढून टाकला आहे. 'सतारीचे बोल' शिकवताना आता खिडकीपलीकडच्या माणसाविषयी विचारतो. 'श्यामची आई' वाचताना कर्जाची प्रकरणे वगळत नाही, आणि १९४७ व १९५० ही दोन्ही साले फळ्यावर लिहितो. वर्ग त्यामुळे आनंदी होतो असे नाही. मागच्या वेळी बराच वेळ कोणी काही बोललेच नाही. मग एका मुलाने सांगितले की त्यांच्या वाडीत कोणाकडे कार्य असले की भांडी सगळ्या घरांतून येतात आणि परत जाताना रिकामी जात नाहीत. त्याला ते उत्तर वाटत नव्हते. आम्ही त्याला बसू न देता पुढे बोलायला सांगितले.

ती मुलगी पुढे कुठे गेली, काय करते, आम्हांला ठाऊक नाही. तिचे गुण आता बदलता येत नाहीत. त्या गुणपत्रिकेवरची सही आमची आहे.